लेव्हल केलेल्या टॅकोमाला मोठे टायर: उंची नव्हे, मागची जागा मोजा

आधी प्रश्न थोडक्यात. डेन्व्हरजवळ राहणाऱ्या एका गृहस्थांकडे २०१९ ची टोयोटा टॅकोमा पिकअप आहे: डबल कॅब, टीआरडी स्पोर्ट ट्रिम, फोर बाय फोर, ऑटोमॅटिक. आधीच्या मालकाने पुढच्या बाजूला दोन इंचांचं लेव्हलिंग किट बसवलंय, म्हणजे पुढची बाजू उचलून मागच्या पातळीला आणणाऱ्या, स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरच्या जोडीच्या) डोक्यावर बसणाऱ्या चकत्या. बाकी सगळं कंपनीचं. टायर २६५/६५ आर १७ (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिमचा व्यास इंचांत), व्हील साडेसात इंच रुंद, ऑफसेट प्लस ३० (व्हीलच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या बैठकीचं अंतर मिलिमीटरमध्ये; तो जितका कमी, तितकं चाक बाहेर). टायरवाल्याने सुचवलंय: साडेआठ इंच रुंद, मायनस १० ऑफसेटची व्हील्स घ्या, त्यावर २८५/७० आर १७ चढवा, "लेव्हल केलीय ना, मग बसतील." गाडी रोज ऑफिसला जाते आणि सुट्टीत कोलोराडोच्या घाटवाटांवर. बसतील का, गाडीचं किती कापावं लागेल, आणि हे करावं का?

बसतील, पण कापल्याशिवाय नाही, आणि कापण्याचं निम्मं कारण टायर नसून ती व्हील्स असतील. तुमच्या वापरासाठी मी हा जोड घेणार नाही. काय घ्यावं ते पुढे येतंच, पण आधी लेव्हलिंगबद्दलचा एक गैरसमज दूर करू, कारण टायरवाल्याचं वाक्य त्याच्यावरच उभं आहे.

लेव्हल किट गाडी उभी असतानाची उंची बदलतं. चाक वर कुठपर्यंत जाऊ शकतं ही मर्यादा मात्र बदलत नाही. ती ठरते चेसिसवरच्या बंप स्टॉपने (चाक वर येताना अडवणारा रबरी ठोकळा), आणि तो होता तिथेच आहे. खड्ड्यात पुढचं चाक पूर्ण दाबलं गेलं की टायर मडगार्डच्या पोकळीत कंपनीच्या गाडीत जिथे जातो जवळजवळ तिथेच जाणार, दोन इंच किट असो वा नसो. पार्किंगमध्ये टायरच्या वर हाताचा पंजा जाईल एवढी फट दिसते म्हणून जागा झाली असं वाटतं. ती जागा फक्त उभ्या गाडीची.

दुसरं म्हणजे टॅकोमात टायर मडगार्डच्या वरच्या कडेला सहसा घासतच नाही. तो घासतो मागे, कॅब माउंटला. कॅबचा पुढचा कोपरा चेसिसवर ज्या लोखंडी ब्रॅकेटवर रबरी बुश घालून बसवलेला असतो, तो पुढच्या चाकाच्या बरोबर मागे येतो. गाडी डावीकडे पूर्ण वळवली की डाव्या चाकाची मागची बाजू आत चेसिसकडे येते आणि टायरचा बाहेरचा खांदा सर्वात मागे सरकतो. नेमका तो खांदा ब्रॅकेटला लागतो. त्याच वेळी उजव्या चाकाचा पुढचा खांदा बंपरच्या कोपऱ्याकडे आणि मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तराकडे, म्हणजे लायनरकडे, जातो. थोडक्यात, वळणाच्या आतलं चाक मागे घासतं, बाहेरचं पुढे. रिव्हर्समध्ये पूर्ण स्टिअरिंग कापताना "खर्र" असा आवाज आला तर आतल्या चाकामागचं कॅब माउंट पाहा.

हे आकड्यांत मांडलं की निर्णय सोपा होतो. वळणाच्या आतलं चाक साधारण ३५ अंश वळतं असं धरू. तेव्हा खांदा मागे किती सरकतो हे तीन गोष्टींवर ठरतं: त्रिज्या किती वाढली (तिचे सुमारे ८२ टक्के), टायरची निम्मी रुंदी किती वाढली (तिचे सुमारे ५७ टक्के), आणि ऑफसेट कमी झाल्याने चाक बाहेर किती आलं (त्याचेही ५७ टक्के).

तुमचा आताचा टायर सुमारे ७७६ मिलिमीटर व्यासाचा आहे, म्हणजे साडेतीस इंच. २८५/७० आर १७ निघतो ८३१ मिलिमीटर, पावणेतेहतीस इंचांच्या जवळ. त्रिज्या २७ मिलिमीटरने वाढली, त्यामुळे खांदा २२ मिलिमीटर मागे. रुंदी प्रत्येक बाजूला १० ने वाढली, त्याचे ६. कंपनीच्याच व्हीलवर हा टायर घातला तर एकूण २८ मिलिमीटर. आता प्लस ३० वरून मायनस १० वर गेलो, म्हणजे चाक ४० मिलिमीटर बाहेर. त्याचे २३ मिलिमीटर आणखी मागे. एकूण ५१. टायर मोठा केल्याने जेवढी जागा गेली, जवळपास तेवढीच नुसत्या व्हीलच्या ऑफसेटने खाल्ली, आणि बदल्यात रस्त्यावर किंवा दगडांत काही मिळालं नाही. चाकं मडगार्डच्या बाहेर डोकावतात, तेवढंच. दरवाजावर चिखल उडतो तो वेगळा.

हा हिशेब चाकाच्या मध्याच्या उंचीवरचा आहे. ब्रॅकेट थोडं खाली असल्याने प्रत्यक्षातला आकडा काही मिलिमीटर इकडेतिकडे होईल. पण पर्यायांची तुलना करायला तो पुरेसा आहे.

तर पर्याय. २६५/७० आर १७ हा ८०३ मिलिमीटरचा, साडेएकतीस इंचांपेक्षा किंचित जास्त. कंपनीच्या व्हीलवर खांदा फक्त ११ मिलिमीटर मागे जातो. लेव्हल केलेल्या टॅकोमात हा बहुतेक वेळा काही न कापता बसतो. फार तर पुढचे मडफ्लॅप काढावे लागतात. मला विचाराल तर या गाडीला आणखी एक माप छान जुळतं, ज्याकडे फारसं कोणी बघत नाही: २५५/७५ आर १७. जीप रँग्लर रुबिकॉनच्या मागच्या पिढीला हेच माप कंपनीतून यायचं. व्यास ८१४ मिलिमीटर, म्हणजे ३२ इंच, पण रुंदी तुमच्या आताच्या टायरपेक्षा १० मिलिमीटर कमी. खांदा मागे जातो १३ मिलिमीटर. म्हणजे २६५/७० ला लागते जवळपास तेवढ्याच जागेत पूर्ण ३२ इंचांचा टायर. साडेसात इंचाच्या व्हीलवर तो नीट बसतो, वजनाला हलका, आणि आतल्या बाजूला अप्पर आर्मपासून (चाकाला वरून धरणारा सस्पेन्शनचा दांडा) अंतर उलट वाढतं. अडचण एकच, मिळण्याची. २६५/७० आणि २८५/७० कुठल्याही दुकानात असतात, हा मागवावा लागतो. दूरच्या गावात एक टायर फाटला तर तसाच दुसरा लगेच मिळणार नाही.

२८५/७० हवाच असेल तर व्हील प्लस २५ ते प्लस ३० ऑफसेटचं, साडेसात किंवा आठ इंच रुंद ठेवा. २८५/७० आर १७ ला साडेसात इंच ही रिमच्या रुंदीची साधारण खालची मर्यादा असते, त्यामुळे कंपनीचं टीआरडी स्पोर्ट व्हील चालून जातं. सोळा इंची व्हीलवाल्या टीआरडी ऑफ-रोडचं तसं नाही. ते सात इंच रुंद असतं आणि त्यावर २८५ रुंदीचा टायर घालू नये. कंपनीच्या ऑफसेटवर आतल्या बाजूला टायर आणि अप्पर बॉल जॉइंट (त्या आर्मच्या टोकाचा सांधा) यांत जागा थोडीच उरते. बोटाची जाडी राहत असेल तर ठीक. टायर गरम झाला, वळणात वाकला की खांदा आत येतो, आणि एम-टी (चिखलासाठीच्या) टायरच्या कडेला बाहेर आलेले ठोकळे असतात ते कागदावरच्या मापात धरलेले नसतात. शिवाय एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्षात सारखे नसतात. उत्पादकाच्या तक्त्यात प्रत्यक्ष व्यास, सेक्शनची रुंदी आणि ती कोणत्या रिमवर मोजली हे दिलेलं असतं, ते पाहा. रिम अर्धा इंच रुंद झाला की टायर साधारण ०.२ इंच रुंद होतो.

आता अलाइनमेंट, कारण कापाकापी किती हे इथेही ठरतं आणि बहुतेक दुकानं इथे घाई करतात. गाडी पुढून उचलली की कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. स्टिअरिंग हलकं, हायवेवर भिरभिरणारं वाटतं, वळणानंतर आपोआप सरळ होत नाही. मोठ्या टायरने ते आणखी जाणवतं. कॅस्टर परत मिळवायचे दोन रस्ते आहेत आणि दोन्हींचा चाकाच्या जागेवर परिणाम उलटा होतो. टॅकोमाच्या लोअर आर्मला (चाकाला खालून धरणारा दांडा) चेसिसपाशी दोन कॅम बोल्ट असतात, जे फिरवले की आर्म सरकतो. त्यांनी खालचा बॉल जॉइंट पुढे ढकलला तर कॅस्टर वाढतो आणि चाकही पुढे सरकतं, कॅब माउंटपासून लांब. नवा अप्पर कंट्रोल आर्म घालून वरचा बॉल जॉइंट मागे खेचला तर कॅस्टर वाढतो खरा, पण चाकाचा मध्य थोडा मागे येतो. म्हणून "अप्पर आर्म बदलला आणि घासायला लागलं" ही तक्रार येते.

अलाइनमेंटवाल्याला नुसतं "स्पेकमध्ये आणा" म्हणू नका. सांगा: लोअर आर्म कॅमवर जेवढं पुढे जाईल तेवढं पुढे, मग कॅस्टर पाहा. दोन्ही बाजूंचा कॅस्टर सारखा, अडीच-तीन अंशांच्या खाली नको. कॅम्बर (चाकाचा उभा कल) शून्य ते उणे अर्धा अंश. टो (चाकांच्या पुढच्या कडांची दिशा) किंचित आत. दोन इंचांच्या लेव्हलला हे मूळ अप्पर आर्मवर बहुतेकदा जमतं. जमलं नाही तरच नवा आर्म. आणि काम झाल्यावर आधीचे-नंतरचे आकडे छापलेला कागद मागून घ्या. लोअर आर्मचे बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना शेवटचे आवळायचे असतात. चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबरी बुश कायम पिळलेला राहतो आणि वर्षभरात फाटतो.

तुमच्या गाडीत आधीच असलेल्या चकत्यांकडे वळू. स्ट्रट लोअर आर्मच्या साधारण मध्यावर जोडलेला असल्याने डोक्यावरची एक इंचाची चकती चाकापाशी सुमारे दोन इंच उंची देते. स्वस्त आणि तासाभराचं काम, म्हणून लोकप्रिय. पण चकतीने स्ट्रटची लांबी दोन्ही टोकांना वाढते. चाक खाली लोंबकळतं तेव्हा ते पूर्वीपेक्षा जास्त खाली जातं, तिथे अप्पर बॉल जॉइंट आणि सीव्ही जॉइंट (चाकाला फिरवणाऱ्या शाफ्टचा वाकणारा सांधा) आपल्या कोनाच्या टोकाला पोचतात, आणि अप्पर आर्म कॉइल स्प्रिंगला टेकू शकतो. चाक वर जातं तेव्हा बंप स्टॉप लागायच्या आत स्ट्रट आतून तळाला लागायची शक्यता असते. डांबरी रस्त्यावर हे जाणवणार नाही. खडकाळ वाटेवर जाणवेल. जॅक लावून चाक पूर्ण लोंबकळू द्या आणि बॅटरीच्या उजेडात पाहा: अप्पर आर्मवर स्प्रिंगचा चकाकता ओरखडा दिसला तर चकती काढा आणि उंची बदलता येणारे चांगले स्ट्रट घाला. ज्यात स्प्रिंगची बैठक खाचेवर वरखाली करता येते तसे, उदाहरणार्थ बिलस्टीन ५१००. खाचेने स्ट्रटची मूळ लांबी बदलत नाही, त्यामुळे लोंबकळण्याचा त्रास येत नाही. टायरवर खर्च करण्याआधी हा खर्च करा असंच मी सांगेन.

स्ट्रट बदलताना टॅकोमाची एक जुनी खोडही मिटवता येते: ही गाडी ड्रायव्हरच्या बाजूला किंचित झुकते. त्या बाजूच्या स्ट्रटमध्ये पाव इंचाची पातळ चकती घालतात. आधी इंधनाची टाकी भरून, सपाट जमिनीवर, हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही चाकांचं अंतर मोजा आणि लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका. टायरची हवा कमीजास्त असली तर ते माप फसवतं.

सीव्हीच्या कोनाबद्दल आणखी एक बाब. या गाडीत पुढच्या डिफरन्शियलचा (दोन चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) संबंध आतून तुटतो, पण हब कायम जोडलेले असतात. त्यामुळे टू-व्हील ड्राइव्हमध्येही सीव्ही शाफ्ट फिरतच राहतात. वाढलेल्या कोनाची झीज रोजच्या ऑफिसच्या फेरीतही होते. दोन इंचांपर्यंत डिफरन्शियल खाली घेण्याचं किट लागत नाही. पैसे वाचवा. सांध्यांवरचे रबरी बूट मात्र दर सर्व्हिसला पाहा, घड्यांत भेग किंवा ग्रीसचा शिंतोडा दिसतोय का. डाव्या बाजूला डिफरन्शियलमधून शाफ्ट निघतो तिथे एक नीडल बेअरिंग असतं. गाडी उचलल्यावर ते झिजून ३५ ते ५० मैलांच्या वेगात घरघर किंवा थरथर सुरू होऊ शकते. ओळखायची खूण सोपी आहे: कच्च्या किंवा बर्फाच्या रस्त्यावर फोर-हाय (फोर-व्हील ड्राइव्हचा नेहमीच्या वेगाचा मोड) लावलं की थरथर जाते. तसं असेल तर टायर दहा वेळा बॅलन्स करून उपयोग नाही. बेअरिंगच्या जागी ब्राँझचा बुश बसतो.

समजा तुम्ही २८५/७० चं ठरवलंच. मग सगळे टायर एकदम चढवू नका. एकच टायर एका व्हीलवर चढवून घ्या, हवा भरा, आधी एका बाजूला लावून पाहा, मग दुसऱ्या. रस्त्यावर चाललेला टायर दुकान परत घेत नाही. ही चाचणी दुकानाच्या आवारात करा. स्टिअरिंग पूर्ण कापून पुढे आणि मागे सावकाश न्या. कॅब माउंटवर, लायनरवर, बंपरच्या कोपऱ्यावर खडू फासा, जिथे पुसला गेला तिथे लागलं. मग ते चाक रॅम्पवर किंवा फुटपाथच्या कठड्यावर चढवून तेच पुन्हा. रॅम्पवरही चाक पूर्ण दाबलं जात नाही, म्हणून त्याच वेळी बंप स्टॉप आणि आर्ममधली उरलेली फट मोजा. चाकापाशी तेवढ्यापेक्षा थोडं जास्तच अंतर अजून वर जायचं बाकी आहे असं समजा.

कापण्याचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे जातो. आधी पुढचे मडफ्लॅप काढा. मग चाकामागचं लायनर: हीट गनने मऊ करून मागे दाबायचं आणि नव्या जागी क्लिपने धरायचं. जाळायचं नाही, चकाकी आली की थांबायचं. मग पुढच्या बंपरखालची प्लास्टिकची पट्टी आणि बंपरचा खालचा कोपरा. टेप लावून रेघ मारा, थोडं कमीच कापा, पुन्हा लावून पाहा. लायनरच्या मागे पत्र्याची उभी घडी असते, ती हातोड्याने आडवी निजवतात. तिथला रंग तडकतो, म्हणून लगेच प्रायमर आणि सीलंट. डेन्व्हरच्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेली रसायनं उघडा पत्रा खातात.

शेवटी कॅब माउंट. ब्रॅकेटची पुढची कड साधारण इंचभर कापून उघड्या तोंडावर पट्टी वेल्ड करतात. तयार पट्ट्या विकत मिळतात. कट मधल्या बोल्टच्या आणि बुशच्या भोकापर्यंत जाता कामा नये. पट्टी न लावता नुसतं कापून सोडणारे लोक आहेत. तसं करू नका, ब्रॅकेट पेटीसारखं बंद असेल तरच ताकद राहते, आणि आत चिखल साठून आतून गंजतं. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची केबल काढा, वेल्डरची अर्थ क्लिप ब्रॅकेटच्या जवळच लावा, वरच्या रबरी बुशला ओला कपडा. नंतर बाहेरून झिंक प्रायमर आणि आतून मेणाचा फवारा. स्वतः वेल्डिंग येत नसेल तर हे काम बाहेर द्या. आणि नंतर गाडी विकताना खरेदीदाराला हे सांगावं लागेल हेही लक्षात असू द्या. २६५/७० किंवा २५५/७५ घेतलात तर हा परिच्छेद तुमच्यासाठी नाहीच.

मागच्या बाजूला फारसं काही नाही. पाटे कंपनीचेच आहेत, पोकळीत जागा भरपूर.

स्पेसर लावू का, असंही लोक विचारतात. आतल्या बाजूला जागा कमी पडली तर पातळ स्पेसर हा इलाज आहे, पण वर दिलेला हिशेब त्यालाही लागू पडतो: प्रत्येक मिलिमीटर बाहेर म्हणजे अर्ध्याहून जास्त मिलिमीटर मागे. घेतलाच तर हबवर नेमका बसणारा घ्या, टॅकोमाच्या हबची बैठक १०६ मिलिमीटरची आहे. चाकाचे नट ८३ फूट-पौंडांवर टॉर्क पान्याने आवळायचे. एअर गनने भसाभसा नाही. नवी व्हील्स असतील तर नटाची बैठक व्हीलच्या बैठकीशी जुळते ना पाहा: शंकूसारखी की सपाट वॉशरची. न जुळणारा नट आवळला जातो, पण धरून ठेवत नाही. ५० ते १०० मैलांनंतर सगळे नट पुन्हा तपासा.

वजनाचा विचार या निवडीत सगळ्यात मागे पडतो, आणि रोज जाणवतं ते वजनच. कंपनीचा टायर ३५ ते ४० पौंडांचा. ई लोड रेंजचा (जास्त वजन पेलणाऱ्या वर्गातला) २८५/७० आर १७ सुमारे ५५ पौंडांचा. प्रत्येक चाकाला पंधरा-वीस पौंड जास्त, तेही परिघाजवळ, म्हणजे फिरवायला आणि थांबवायला सगळ्यात जड जागी. व्यास सात टक्क्यांनी वाढल्याने तुमचा ३.९०९ चा मागचा गिअर रेशो परिणामाने ३.६५ सारखा होतो. हे इंजिन साडेतीन लिटरचं, टर्बोशिवायचं. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. आय-७० महामार्गावर आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना तुम्ही ११,००० फुटांवर असता, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा आधीच गेलेला. तिथे गिअरबॉक्स चौथ्या-पाचव्यात सतत वरखाली करू लागेल. ईसीटी पॉवरचं (गिअर उशिरा बदलायला लावणारं) बटण दाबून किंवा गिअर हाताने धरून थोडा दिलासा मिळतो. खरा इलाज म्हणजे गिअर बदलणं, आणि तो पुढे-मागे दोन्ही डिफरन्शियलमध्ये करावा लागतो. कागदावर ४.१८ पुरतं, पण वजन धरून लोक ३३ इंचांना ४.८८ घेतात. हा खर्च टायर-व्हीलपेक्षा जास्त होऊ शकतो. २५५/७५ ला वाढ पाच टक्क्यांची, २६५/७० ला साडेतीनची, आणि तिथे गिअर न बदलता भागतं.

म्हणून लोड रेंज विचारपूर्वक घ्या. ई म्हणजे दहा प्लायच्या ताकदीचा, ८० पीएसआयपर्यंतचा. तो तीन-चतुर्थांश टनाच्या आणि त्याहून मोठ्या ट्रकसाठी. टॅकोमाला सी पुरतो, हलका असतो, आणि हवा कमी केल्यावर दगडावर छान पसरतो. ई टायरची कडक बाजू या हलक्या गाडीत पसरतच नाही, वर प्रत्येक जोडावर दणका देते. दरवाजावरच्या स्टिकरचा दाब मूळ पी-मेट्रिक (प्रवासी गाडीच्या वर्गातल्या) टायरसाठी आहे. एलटी (हलक्या ट्रकच्या) टायरला तेवढंच वजन पेलायला जास्त हवा लागते. ३५ ते ३८ पासून सुरू करा, टायरवर आडवी खडूची रेघ मारून सरळ रस्त्यावर थोडं चालवा. मधली रेघ आधी गेली तर हवा जास्त, कडांची गेली तर कमी. टीपीएमएसचा (टायरची हवा कमी झाल्याचा इशारा देणारा) दिवा लागण्याच्या पातळीवर भरवसा ठेवू नका, ती जुन्या टायरच्या हिशेबाची आहे.

हिवाळ्यासाठी: आय-७० वर डॉटसेरो ते मॉरिसन या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे फोर-व्हील ड्राइव्ह असली तरी टायरच्या खाचांची खोली किमान ३/१६ इंच लागते. ए-टी (सर्व प्रकारच्या रस्त्यांसाठीचा) टायर घेताना तीन शिखरं आणि हिमकण असलेलं चिन्ह पाहून घ्या. नुसतं एम+एस (चिखल आणि बर्फ) पुरेसं धरू नका. शुद्ध एम-टी टायरचे मोठे ठोकळे चिखलात उत्तम, थंड ओल्या डांबरावर आणि बर्फाच्या काचेवर वाईट. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला ए-टी.

टायर बदलल्यावर लगेच करायच्या गोष्टी: हेडलाइट खाली घ्या. पुढून गाडी उचलली की समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश जातो. भिंतीपासून २५ फुटांवर उभी करून, प्रकाशाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा दोनेक इंच खाली आणा. २०१८ पासूनच्या टॅकोमात पुढे रडार आणि काचेमागे कॅमेरा आहे. गाडीचा कोन बदलल्यावर क्रूझ कंट्रोल उशिरा ब्रेक लावतो किंवा गाडी चुकीचे इशारे देते असं वाटलं तर त्यांचं कॅलिब्रेशन करून घ्या. स्पीडोमीटर कमी दाखवेल: २८५/७० वर काट्यावर ६५ असताना तुम्ही साडेएकोणसत्तरच्या आसपास असाल. बाजारात तारेच्या मधे बसणारं दुरुस्तीचं मॉड्यूल मिळतं. तोवर मायलेजचा हिशेब करताना मैल १.०७ ने गुणा, नाहीतर गाडी आहे त्याहून जास्त पेट्रोल पिते असं वाटेल.

स्टेपनीही त्याच मापाची घ्या, म्हणजे पाच टायर. खाली लटकवण्याच्या जागेत २८५/७० घट्ट बसतो, कधीकधी हवा थोडी सोडावी लागते. जुना लहान टायर तात्पुरता लावलात तर फोर-व्हील ड्राइव्ह लावू नका. पुढचा-मागचा व्यास वेगळा असला की ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी) पीळ साठतो. मागच्या ॲक्सलवर तर लहान-मोठा जोड नकोच: पंक्चर मागे झालं तर पुढचा मोठा टायर मागे आणा आणि लहान पुढे लावा. पाचही टायर ५,००० मैलांच्या सुमारास फिरवत राहा, नाहीतर स्टेपनी नवी आणि बाकी अर्धे झिजलेले, मग व्यास पुन्हा वेगळे.

महाराष्ट्रात हायलक्स किंवा व्ही-क्रॉस घेऊन हाच विचार करणाऱ्यांसाठी: मोजण्याची रीत आणि ऑफसेटचा हिशेब जसाच्या तसा चालतो, आकडे तुमच्या गाडीचे घाला. कायदा मात्र वेगळा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली उत्पादकाने दिलेल्या तपशिलापासून दूर जाणारा बदल अडचणीत आणतो, आणि विमा कंपनी दावा नाकारताना तेच पुढे करते. आपल्याच मॉडेलच्या वेगळ्या ट्रिमला कंपनी जे माप देते तिथपर्यंत राहावं. तिथे २८५ चा विचारही करू नका.

तुमच्या गाडीसाठी क्रम असा: स्ट्रट तपासून चकत्या बाद, कंपनीची व्हील्स तशीच, २५५/७५ आर १७ सी लोड रेंजचे पाच टायर मागवता आले तर ते, नाहीतर २६५/७० आर १७, मग अलाइनमेंट कॅम पुढे घेऊन. व्हील्सचे वाचलेले पैसे स्ट्रटमध्ये जातील.